रेशमी झग्यातली हवा

'बिस्मार्क ओमिट लीफेज बक बँक.'

पातळ, जवळजवळ आरपार दिसणाऱ्या कागदावर हाताने लिहिलेली ही इंग्रजी ओळ. तिच्या जोडीला अशाच आणखी: 'कॅलगरी क्युबा अनगार्ड कन्फ्यूट डक फेगन', 'स्प्रिंग विल्डरनेस लायनिंग वन रीडिंग नॉव्हिस'. सुटे शब्द बहुतेक कोशात सापडणारे, काही तर सरळ गावांची नावं. पण ओळ सलग वाचावी तर हाती काही लागत नाही. कडेला कुठे वेळा टिपलेल्या, कुठे आकडे. असे दोन कागद एका जुन्या रेशमी झग्याच्या आतल्या खिशात बोळा होऊन पडले होते.

हा झगा अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यातल्या सर्सपोर्ट गावी, जुन्या वस्तूंच्या बाजारात २०१३ च्या डिसेंबरात विकला गेला. घेणाऱ्या सारा रिव्हर्स कोफील्ड. किंमत शंभर डॉलर. जुने कपडे जमवण्याची त्यांना हौस, आणि नोकरी मेरीलंडमध्ये उत्खननात निघालेल्या वस्तूंची निगा राखण्याची. ही नोकरी इथे कामी आली. नुसत्या हौशी माणसाने तो बोळा केराच्या टोपलीत टाकला असता. बाईंनी कागद उलगडले, त्यांची छायाचित्रं काढली आणि ते झग्यात नेमके कुठे होते हेही नोंदवलं. कागदाची निम्मी किंमत त्यातल्या मजकुरात असते आणि निम्मी तो कुठे मिळाला यात. इतिहाससंशोधक राजवाडे वाड्यांचे माळे धुंडाळत हिंडले तेव्हा पत्र कोणत्या दप्तरातून निघालं हे त्यांच्या लेखी पत्राइतकंच मोलाचं होतं. आपल्याकडची दप्तरं कापडी रुमालात बांधलेली असतात. इथे रुमालाच्या जागी अख्खा झगा आहे, आणि तोही वाचता येतो.

तेव्हा आधी झगाच वाचू. दोन भागांचा पोशाख: वर घट्ट बसणारं पोलकं, खाली घागरा. काशाच्या रंगाचं रेशीम, त्यावर गंजाच्या छटेचे पट्टे असलेली मखमल, मनगटांना लेस. पोलक्याची बटणं धातूची, त्यांवर 'हॅम्लेट'मधल्या ऑफीलियाचं चित्र. प्रेमापायी वेड लागून पाण्यात बुडालेली नायिका छातीवर ओळीने मिरवण्याची ही कल्पना आज चमत्कारिक वाटेल. त्या काळी नाटकांतली, पुराणांतली, परीकथांतली चित्रं असलेली बटणं सर्रास मिळत आणि बायका ती हौसेने लावत. बटणांवरून बाईच्या मनाचा ठाव घ्यायला गेलं की फसगत ठरलेली.

झग्याचा काळ सांगतो तो कमरेमागचा फुगवटा. याला बसल म्हणतात. तारेचा किंवा भरावाचा सांगाडा मागे बांधायचा आणि त्यावर घागऱ्याच्या चुण्या चढवायच्या. ही फॅशन दोनदा आली. १८७० च्या आसपास आली आणि काही वर्षांत ओसरली. १८८३ च्या सुमारास परतली ती अधिक टोकदार होऊन, पाठीमागे फळी बसवल्यासारखी. १८८९ नंतर तिचीही सद्दी संपली. हा झगा दुसऱ्या फेरीतला, म्हणजे १८८० ते १८९० या दशकाच्या मधल्या वर्षांतला. पोलक्याच्या आत हाताने लिहिलेली एक चिठ्ठी शिवलेली आहे. तिच्यावर एकच शब्द: बेनेट.

आता खिसा. मागच्या फुगवट्यावर चढवलेला वरचा घागरा उचलल्याशिवाय त्याचं तोंड दिसत नाही. बातम्यांनी त्याला 'गुप्त खिसा' म्हटलं आणि तिथून कथा रंगली. या विशेषणावर मी जरा अडतो. त्या दशकातला बायकांचा पोशाख अंगाला इतका चापून शिवलेला असे की पुढे किंवा बाजूला खिसा ठेवला तर त्याचा फुगीर आकार वरून दिसायचा. मग शिंपी तो मागे, चुण्यांच्या पोटात ढकलत. बाईला स्वतःचाच खिसा सापडत नाही यावर तेव्हाची विनोदी साप्ताहिकं पोसली जात. तेव्हा आपल्याला जो खिसा लपवलेला दिसतो तो नेसणाऱ्या बाईच्या लेखी साधा, थोडा अडचणीचा खिसा असू शकतो. हेतू लपवण्याचा होता असं म्हणायला वेगळा पुरावा हवा, आणि झग्यात तो नाही.

कागदांची छायाचित्रं लोकांसमोर आली तेव्हा तर्कांना ऊत आला. कोणी म्हणालं हेरगिरी, कोणी चोरटा जुगार, कोणी शिंपिणीची मापं, कोणी प्रेमिकांची सांकेतिक भाषा. सांकेतिक लेखनाचे जर्मन अभ्यासक क्लाउस श्मे यांनी न उलगडलेल्या पन्नास संदेशांच्या आपल्या यादीत त्याला जागा दिली. यातला हेरगिरीचा तर्क, म्हणजे अमेरिकी यादवीतली हेर बाई, सर्वांत लाडका आणि सर्वांत कच्चा. यादवी १८६५ मध्ये संपली. बसल दुसऱ्यांदा आला तेव्हा त्या युद्धाला अठरा वर्षं झाली होती.

प्रेमाचा तर्क मात्र इतक्या सहज झटकता येत नाही, कारण या ओळी तारेच्या वाटतात, आणि तार व प्रेम यांचं त्या काळी खरोखरच साटंलोटं होतं. अमेरिकेतल्या तारघरांतून बायका मोठ्या संख्येने काम करत. शेकडो मैलांवरचा, कधी न पाहिलेला माणूस नुसत्या कट्ट-कडकट्टच्या ढंगावरून ओळखू यायचा. गिऱ्हाईक नसलं की तारेवर गप्पा चालायच्या. एला चीव्हर थेअर हिने या विषयावर कादंबरीच लिहिली: 'वायर्ड लव्ह', १८७९ ची. नायिका तारयंत्रावर काम करणारी, नायक तारेच्या दुसऱ्या टोकाला. थेअर स्वतः बॉस्टनमधल्या एका हॉटेलात तारेवर बसत असे, म्हणजे ऐकीव माहितीवर लिहीत नव्हती. ऑफीलियाची बटणं, रेशमी झगा आणि तारेची भाषा एवढं हाती आल्यावर कादंबरीकाराला आणखी काय पाहिजे?

ती ओळ तारेची आहे, हे बऱ्याच जणांनी लवकर ओळखलं होतं. तारेला पैसे शब्दागणिक पडत. म्हणून व्यापाऱ्यांनी, विमा कंपन्यांनी, रेल्वेने शब्दांची पुस्तकं छापली. एका शब्दाच्या पोटात पुरं वाक्य. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेने लंडनशी जोडली गेली, आणि लिव्हरपूलशी कापसाचा सौदा करणाऱ्यांना अशी पुस्तकं जवळ बाळगावीच लागली. आपल्या पिढीनेही याची एक आवृत्ती पाहिली आहे. लग्नाच्या शुभेच्छांची तार करताना फॉर्मवर वाक्य लिहायचं नाही, वाक्याचा क्रमांक लिहायचा. तो चुकला की वधूवरांना परीक्षेतल्या यशाबद्दल अभिनंदन. ती तार आपल्याकडे २०१३ च्या जुलैत बंद झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हा झगा विकला गेला.

म्हणजे शब्द बदलले होते ते पैसे वाचवायला. पण कोणाच्या पुस्तकानुसार? अशी पुस्तकं शेकड्यांनी होती.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात माहितीचं विश्लेषण करणारे वेन चॅन यांनी २०१८ मध्ये हा नाद घेतला. त्यांनी सुमारे १७० संकेतपुस्तकं चाळली. एकाशीही मेळ बसेना, तेव्हा काम बाजूला ठेवलं. २०२२ मध्ये पुन्हा हाती घेतलं तेव्हा तारेच्या इतिहासावरचं १८८० सालचं एक जुनं पुस्तक त्यांच्या पाहण्यात आलं. त्यात अमेरिकी लष्कराच्या सिग्नल खात्याचा हवामानाच्या तारांसाठीचा संकेत वर्णन केला होता, आणि त्यातल्या नमुन्याची घडण झग्यातल्या ओळींसारखी होती. मग ते अमेरिकेच्या हवामान व समुद्र खात्याच्या ग्रंथालयाकडे वळले. तिथल्या ग्रंथपालांच्या मदतीने १८९२ सालचं मूळ संकेतपुस्तक मिळालं. उलगडा 'क्रिप्टॉलॉजिया' या नियतकालिकात २०२३ मध्ये छापून आला.

आता ती पहिली ओळ पुन्हा घेऊ, एकेक शब्द सुटा करून.

'बिस्मार्क' हे ठिकाण. डाकोटा तेव्हा राज्य नव्हतं, नुसता प्रदेश होता, त्यातलं मिसुरी नदीकाठचं हे गाव. स्पेलिंगमधलं एक अक्षर कागदावर गळलं आहे, घाईत लिहिणाऱ्याचं गळतं तसं. 'ओमिट' म्हणजे तापमान ५६ अंश फॅरनहाइट आणि वायुभार ०.०८. भारमापकाचा पारा तीस इंचांच्या आसपास खेळतो हे दोन्ही टोकांना ठाऊक, म्हणून पुढचे तीस गाळून शेवटचे आकडेच धाडायचे. पूर्ण आकडा ३०.०८ इंच. 'लीफेज' म्हणजे दवबिंदू ३२ अंश, निरीक्षण रात्री दहाचं. 'बक' म्हणजे आकाश निरभ्र, पाऊस नाही, वारा उत्तरेचा. 'बँक' म्हणजे वाऱ्याचा वेग ताशी १२ मैल, आणि सूर्यास्त स्वच्छ झाला.

पाच शब्दांत एवढा ऐवज. आपल्या मापात सांगायचं तर मे महिना सरताना तेरा-साडेतेरा सेल्सियस, दव धरायला थेट गोठणबिंदूपर्यंत उतरावं लागेल इतकी कोरडी हवा, आणि उत्तरेकडून वाहणारा बरा वारा. ज्याला हवामानाचं थोडं कळतं त्याला यातून ती रात्र दिसते. सूर्यास्ताची नोंद का, हाही प्रश्न पडेल. अमेरिकेत हवा बहुधा पश्चिमेकडून येते. मावळतीचं आकाश स्वच्छ असेल तर उद्याही उघडीप, असा तो ठोकताळा. शेतकऱ्याच्या अनुभवातला आडाखा सरकारी रकान्यात जाऊन बसला होता.

इथपर्यंत उलगडा आला तरी शंकेखोर माणूस विचारील: संकेतपुस्तक १८९२ चं, झगा त्याच्या आधीचा, मग अर्थ ओढूनताणून बसवला नाही कशावरून? याचं उत्तर मला या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. सिग्नल खात्याचे त्या काळचे रोजचे हवामान नकाशे टिकून आहेत. कागदावरच्या वेगवेगळ्या ठाण्यांचे आकडे घेऊन चॅन यांनी त्या नकाशांत असा दिवस शोधला की जेव्हा ते सगळे एकदम जुळतील. तो मिळाला: २७ मे १८८८. अमेरिकेतली आणि कॅनडातली इतकी गावं, प्रत्येकाचं तापमान, भार, वारा, आणि हे सगळं एकाच रात्रीशी जुळतं. कागदावर वर्ष लिहिलेलं नव्हतं, ते आकाशाच्या नोंदीने दिलं. झग्याच्या बेतावरून काढलेला काळ आणि हवेवरून काढलेली तारीख दोन अगदी वेगळ्या वाटांनी येऊन एकमेकींजवळ पोचतात. असा दुहेरी दाखला जुन्या कागदांच्या कामात क्वचितच मिळतो.

पंचांग मागे नेलं तर त्या दिवशी रविवार होता. रविवारी रात्री दहाला बिस्मार्कच्या ठाण्यावर कोणीतरी भारमापक वाचला, ओले आणि कोरडे तापमापक वाचले, पुस्तकात पाहून पाच शब्द काढले आणि ते तारेवर घातले. ही माणसं लष्कराच्या नोकरीतली होती. १८७० मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने हे काम लष्कराकडे गेलं, त्यामागचं एक कारण हेच की शिस्तीचा शिपाई ठरल्या मिनिटाला निरीक्षण घेईल. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला चोवीस ठाण्यांनी पहिल्यांदा एकाच वेळी हवा पाहिली. पुढे ठाणी वाढली आणि तारा वॉशिंग्टनच्या मुख्य कचेरीत जमू लागल्या. तिथे त्या उलगडून नकाशा काढायचा आणि त्यावरून अंदाज. हिंदुस्थानातही तेव्हा हाच उद्योग सुरू होता. १८७५ मध्ये हवामान खातं निघालं होतं, हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख होते. याच खात्याचं बिऱ्हाड १९२८ मध्ये पुण्यात आलं. ते ज्या इमारतीत थाटलं तिला पुणेकर आजही शिमला ऑफिस म्हणतात.

१८८८ हे वर्ष अमेरिकेच्या सिग्नल खात्याला सोपं नव्हतं. १२ जानेवारीला डाकोटा आणि नेब्रास्काच्या माळावर अचानक हिमवादळ कोसळलं. सकाळ उबदार होती म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली होती. बळींचा आकडा २३५ सांगतात, त्यात मुलं पुष्कळ. मार्चमध्ये न्यूयॉर्ककडे दुसरं वादळ आलं, तारांचे खांब पडले आणि शहरं एकमेकांपासून तुटली. त्यानंतर अडीच महिन्यांनी त्याच डाकोटातून आलेली ही तार 'सूर्यास्त स्वच्छ' म्हणते.

खात्याचे तेव्हाचे प्रमुख अडॉल्फस ग्रीली. आर्क्टिकच्या मोहिमेवर पंचवीस जणांच्या तुकडीसह गेले आणि उपासमारीतून सहाजण जिवंत परतले, त्यांतले ते. त्या मोहिमेची मूळ कल्पना रेटणारा कॅप्टन हेन्री हाउगेट याच खात्यात पैशांचे व्यवहार पाही. प्रणय आणि रहस्य हवंच असेल तर ते याच्या फाइलीत आहे, आणि साधार आहे. सरकारी पैसा त्याने मोठ्या प्रमाणावर खाल्ला आणि एका बाईवर उधळला. ती त्याची पत्नी नव्हती. १८८१ मध्ये अटक झाली. १८८२ मध्ये पहाऱ्यात घरी नेलं असताना तो निसटला, आणि पुढे बारा वर्षं सापडला नाही. १८९४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पकडला गेला तेव्हा खोट्या नावाने जुनी पुस्तकं विकत होता. मोह असा होतो की हाउगेटला आणि रेशमी झग्याला एका धाग्यात ओवावं. पण झग्यातले कागद त्याच्या पलायनानंतर सहा वर्षांनी लिहिलेले आहेत. धागा इथेच तुटतो.

मग बेनेट कोण? चिठ्ठीवर नुसतं आडनाव. ते मालकिणीचं असेल. कपडे बाहेर धुवायला किंवा दुरुस्तीला देताना ओळखीसाठी नाव शिवायची रीत होती. घरात अनेक बायका असतील तर हा झगा कोणाचा, एवढ्यासाठीही ते पुरे. पण झगा एकीकडून दुसरीकडे गेला असेल तर बेनेटबाई खिशाची मालकीण असेलच असं नाही. रेशीम महाग, त्यामुळे झगे उसवून पुन्हा बेतले जात, बहिणीला दिले जात, विकले जात.

तारखेबाबतही एक पथ्य पाळायला हवं. २७ मे ही मजकुराची तारीख आहे. कागद खिशात गेला ती तारीख त्या रात्रीची असेल किंवा नंतरची, आधीची असणार नाही. दुसरीकडून बसलची फॅशन वर्ष-दीड वर्षात मागे पडली, म्हणजे ठेवणीतला झगा असा घालून बाहेर पडण्याचे दिवस त्यानंतर फार उरले नव्हते. या दोन कुंपणांच्या मधल्या कुठल्यातरी दिवशी कोणीतरी वरचा घागरा उचलून, मागे हात घालून ते कागद खिशात कोंबले.

कोंबले, हेच क्रियापद मी जपून वापरतो. जो कागद जपायचा किंवा पोचवायचा असतो त्याची माणूस घडी घालतो. प्रेमपत्राची तर घालतोच. हे कागद बोळा होऊन निघाले. आदल्या रात्रीची हवा नकाशावर चढली की त्या तारेचं काम संपतं. दुपारपर्यंत ती रद्दी. रद्दीचा बोळा खिशात घालून घरी नेणारी बाई कार्यालयात कामाला असेल, तारघरात असेल, किंवा तिथे काम करणाऱ्या कोणाला भेटायला आलेली असेल. बायका सरकारी कचेऱ्यांतून आणि तारघरांतून काम करत होत्या, तेव्हा यातलं काहीच अशक्य नाही. टोपली हाताशी नव्हती म्हणून खिसा. माझा कल या रुक्ष तर्काकडे आहे, आणि तो तर्क आहे हे मी विसरत नाही. बोळा सव्वाशे वर्षांत केव्हाही होऊ शकतो, कागद चुण्यांत दबूनही चुरगळतो.

कादंबरीकाराला यातून मोकळीक बरीच मिळते. बाईला बेनेट हे आडनाव द्यावं, तिला वॉशिंग्टनच्या कचेरीत बसवावं, बिस्मार्कच्या निरीक्षकाशी तारेवर बोलतं करावं. रविवारी रात्री दोघंही कामावर का, यावर एक प्रकरण खर्ची घालावं. झगा मेनपर्यंत कसा गेला यावर दुसरं. निरीक्षकाने संकेतातला एखादा शब्द तिच्यासाठी मुद्दाम चुकवला असंही दाखवायला हरकत नव्हती, पण तिथे नकाशा आडवा येतो. त्या रात्रीचे आकडे ठाण्यांमागून ठाणी जुळतात, चुकवलेल्या शब्दाला जागा ठेवत नाहीत. आणि दोघांची भेट बिस्मार्कला घडवायची झाली तर खुशाल घडवावी, फक्त पाऊस पाडता येणार नाही. उत्तरेचा वारा, ताशी १२ मैल, आकाश निरभ्र.